ताईंनी लिहिलेला कोड

इंदूरच्या नोकरीत आरोही चिटणीसचे साहेब दिवसातून दोन-तीनदा टेबलाशी येऊन एकच प्रश्न विचारायचे, "कहाँ तक आया?" काय कुठवर आलं ते सांगितलं तरी त्यांना कळत नसे. मान हलवून ते पुढच्या टेबलाकडे वळत. शेवटी शेवटी आरोही तोंडाला येईल ते सांगायची, "साठ टक्के," "सत्तर टक्के," आणि तेवढ्यानंही त्यांचं समाधान व्हायचं. देवासच्या एका लहानशा कंपनीत जागा निघाली तेव्हा पगार फारसा वाढत नव्हता, तरी ती तिकडे गेली.

पहिल्या दिवशी तिनं दारापाशी बसलेल्या मुलाला विचारलं, "मॅनेजर का केबिन कौन-सा है?"

तो पीयूष. देवासचाच. हसून म्हणाला, "केबिन? वो बैठी हैं न, खिड़की के पास. अभी मत छेड़ना, कुछ पकड़ में आया है उनके."

खिडकीशी पन्नाशीच्या घरातली एक बाई स्क्रीनवर वाकून बसली होती. कानांत हेडफोन, बाजूला स्टीलच्या पेल्यात गार झालेला चहा. या विद्युल्लता पागनीस. ऑफिसात मराठी, हिंदी, सगळेच त्यांना ताई म्हणत. थोड्या वेळानं त्यांनी टेबलावर थाप मारली, "सापडलं!" म्हणून ओरडल्या आणि मग नव्या मुलीकडे लक्ष जाऊन म्हणाल्या, "आरोही ना? धारची? ये, ये. बघ, काय गंमत झाली होती."

मॅनेजरनं आपल्याला चूक दाखवायला बोलावलं आणि ती चूक मॅनेजरची स्वतःचीच होती, असं आरोहीच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

कंपनीचं काम कारखान्यांच्या शिफ्ट बसचं. पीथमपुरला आसपासच्या गावांतून हजारो माणसं रोज कामाला जातात, त्यांना न्यायला ठेकेदारांच्या बस असतात. कोण येणार, कोण नाही, हे माणसांनी मोबाइलवर आदल्या दिवशी कळवायचं आणि त्यावरून ड्रायव्हरला त्याच्या फोनवर थांबे दिसायचे, असं ते ॲप होतं. कोड लिहिणारी माणसं पाच. त्यांतल्या पाचव्या ताई.

पहिले काही महिने आरोहीला वाटायचं, आपण इथे आधीच यायला हवं होतं. कुठे अडलं की ताई खुर्ची ओढून शेजारी बसत. "मलाही ठाऊक नाही. बघू या," असं सहज म्हणत, आणि दोघी मिळून शोधत. एकदा पीथमपुरचे गणपत मोरे फोनवर अडून बसले. बसचा सगळा ठेका त्यांच्याकडे. एक नवी सोय त्यांना चार दिवसांत हवी होती. ताई त्यांना इकडच्या बोलीत भिया, म्हणजे भैया, म्हणत. ताई म्हणाल्या, "गणपतभिया, कोडच्या त्या भागात मीच काल हात घालून बसले होते. चार दिवसांत देईन असं म्हटलं तर खोटं बोलेन. पंधरवडा लागेल." समोरून आवाज चढला, पण ताई ढळल्या नाहीत. इंदूरच्या साहेबांनी "हो जाएगा सर" म्हणून फोन ठेवला असता आणि मग आरोहीचा रविवार गेला असता.

त्रास दुसऱ्याच गोष्टीचा सुरू झाला.

एका सकाळी आरोहीनं आपलं काम उघडलं तर ते तिचं राहिलंच नव्हतं. बसचा रस्ता ठरवणारा भाग तिनं आठवडाभर खपून लिहिला होता. ताईंनी तो सकाळी लवकर येऊन नव्यानं लिहून काढला होता. लांबी निम्मी. वाचताना पाणी वाहावं तसा.

"बघ, किती सुटसुटीत झालं!" ताई लहान मुलीसारख्या खूश होत्या.

"हो, छान झालंय," आरोही म्हणाली. छान झालंच होतं, म्हणून तर बोलायला जागा नव्हती.

पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. ताईंच्या मनात काही वाईट नव्हतं. स्वयंपाकघरात सून भाजी चिरत असताना एखादी सासू सुरी हातातून घेऊन "असं बघ" म्हणते, तसं ते होतं. पण आरोहीच्या हातातली सुरी रोज थोडी बोथट होत गेली. काही लिहिताना ती आधी विचार करायची, ताईंनी हे कसं लिहिलं असतं? आणि मग, कशाला इतकं, त्या बदलणारच आहेत.

तिनं पीयूषला सांगितलं. तो समोसा खात होता. "अरे, तो अच्छा है ना! मैं तो आधा ही लिखता हूँ. बाकी ताई सुबह आके कर देती हैं. भिया, इससे बढ़िया नौकरी नहीं मिलेगी."

आरोही हसली, पण त्या दिवशी तिनंही काम अर्धवटच सोडलं, आणि घरी जाताना तिला त्याची लाज वाटली.

हिवाळ्यात गणपतरावांनी नवी मागणी केली. बस फार ठिकाणी थांबतात, उशीर होतो, तर जवळजवळचे थांबे एकत्र करा. हे काम ताईंनी स्वतःकडे घेतलं. त्यांना ते आवडलं होतं, हे त्यांच्या गुणगुणण्यावरून कळत होतं. शुक्रवारी दुपारी कोड तयार झाला. कंपनीत रीत अशी, की एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं, तेव्हाच ते चालू व्हायचं. ताईंचा कोड तपासायला आला आरोहीकडे.

कोड देखणा होता. दोन थांब्यांमधलं सरळ अंतर मोजायचं, ते ठरावीक मर्यादेच्या आत असलं की दोन्हींचा एक थांबा करायचा आणि लोकांना तसा निरोप पाठवायचा. आरोही वाचत गेली आणि एका ओळीशी थबकली. सरळ अंतर. दर सोमवारी धारहून येताना तिची बस लेबडच्या पुढे जिथून जायची, ती जागा तिच्या डोळ्यांसमोर आली. चौपदरी रस्ता. अलीकडे ढाबा, पलीकडे शाळा. नकाशावर पाहिलं तर हाकेच्या अंतरावर. पण मधल्या दुभाजकावर छातीएवढं लोखंडी कुंपण, आणि पलीकडे जायचं तर पार पुलाखालून वळसा.

तिनं शेरा लिहिला, "थांबा रस्त्याच्या पलीकडे असेल तर?"

मग तो वाचला. ताई पंचवीस वर्षं हे काम करताहेत. त्यांनी याचा विचार केला नसेल? कुठेतरी केलाच असेल, मलाच दिसला नसेल. शेजारून पीयूष म्हणाला, "ताई का कोड है. ओके मार और चल, चाय पीते हैं."

आरोहीनं शेरा पुसला आणि मंजूर केलं. सोमवारपासून ते चालू व्हायचं होतं.

शनिवार-रविवार ती धारला घरी होती. सोमवारी पहाटे माईनं, म्हणजे तिच्या आईनं, डब्यात पोहे भरून दिले आणि ती नेहमीच्या पहिल्या बसनं निघाली. लेबड मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. खिडकीतून तिला पुढे ढाब्याजवळ गणपतरावांची बस उभी दिसली. मग तिनं रस्त्यापलीकडे पाहिलं.

शाळेपाशी बायकांचा घोळका होता. काहींच्या गळ्यात कारखान्याचे बिल्ले. त्या हात हलवत होत्या, ओरडत होत्या. मधून ट्रक जात होते, काही ऐकू जात नव्हतं. दोघी जणी दुभाजकापर्यंत आल्या होत्या आणि त्यांतली एक कुंपणावर चढत होती. ढाब्याजवळची बस निघाली आणि पीथमपुरच्या दिशेनं गेली.

"भैया, रोको! गाड़ी रोको!" आरोही ओरडली.

ती उतरली तेव्हा कुंपणावरच्या बाईची ओढणी वरच्या टोकात अडकली होती. ती धड इकडे नाही, धड तिकडे नाही, आणि टँकर भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. दुसरीनं तिला मागे खेचलं. ओढणी फाटली. दोघी कशाबशा परत पलीकडे गेल्या.

आरोहीनं त्यांना तिथेच थांबायची खूण केली आणि पुलाकडे पळत सुटली. वळसा तिला वाटला होता त्याहूनही लांब होता. पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

फाटकी ओढणी हातात घेऊन उभी असलेली बाई उर्वशी. औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. आवाज खणखणीत. "रोज बस यहीं आती थी, घूम के. आज मैसेज आया, उधर आओ. उधर कैसे आएँ, उड़ के? ये ऐप बनाया किसने है?"

आरोहीला गप्प बसता आलं असतं. तिला कोण ओळखत होतं?

"हमने," ती म्हणाली. "मैं उसी कंपनी में हूँ. गलती हमारी है. मैं अभी बात करती हूँ."

तिनं ताईंना फोन लावला. ताईंनी एकदाही मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग फक्त विचारलं, "कुणाला लागलं तर नाही?"

"नाही. थोडक्यात वाचली."

"तू तिथेच थांब. रस्ता ओलांडू देऊ नकोस कुणाला. मी बदल आत्ता मागे घेते, आणि गणपतभियाला सांगून दुसरी बस पाठवते."

बस आली, तीही शाळेच्या बाजूला. आरोही तिच्यातच चढली. उर्वशीनं तिला बसायला जागा केली नाही, पण उतरताना म्हणाली, "आप भागती हुई आईं, वो देखा मैंने."

ताई देवासहून स्वतःची गाडी घेऊन पीथमपुरला आल्या. आधी त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेल्या आणि तिथल्या साहेबांना म्हणाल्या, "या बायकांची काही चूक नाही, आमच्या ॲपची आहे. त्यांना उशिराचा शेरा लावू नका." साहेबांनी थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. मग दोघी गणपतरावांकडे. ते चिडलेलेच होते.

"ताई, तुमच्या भरवशावर मी निरोप जाऊ दिला. एखादी बाई गेली असती म्हणजे? तिच्या घरच्यांनी मला धरलं असतं, तुमच्या त्या कम्प्युटरला नाही."

"खरं आहे, गणपतभिया. कोड मी लिहिला. चूक माझी."

त्यांनी कुणाचंही नाव पुढे केलं नाही. मंजुरी आरोहीची होती, हे बोलायला सोपं होतं. आरोही खाली मान घालून बसली होती.

परतताना इंदूरच्या बायपासला लागल्यावर आरोही म्हणाली, "ताई, मला दिसलं होतं."

"काय?"

"सरळ अंतराचं. शुक्रवारीच दिसलं होतं. मी शेरा लिहिला, आणि पुसला."

ताईंनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"का पुसलास?"

"तुम्ही लिहिलं होतं ना."

"म्हणून काय झालं? माझी चूक काढायला तर तुला बसवलं होतं!"

"तुम्ही माझं सगळं बदलता, ताई." एकदा सुरुवात झाल्यावर आरोहीला थांबवेना. "आणि तुमचं नेहमी चांगलंच असतं. दर वेळी. मग मला वाटलं, मलाच काहीतरी कळलं नसेल. मी आता माझं म्हणून काही लिहीतच नाही. तुम्हाला काय आवडेल तेच लिहिते."

ताई हळूच म्हणाल्या, "मी एकदा कोड सोडला होता. आधीच्या कंपनीत मला मोठं पद दिलं तेव्हा. चार वर्षं नुसत्या मीटिंगा. एके दिवशी एका मुलानं काहीतरी समजावून सांगितलं आणि मला एक अक्षरही कळलं नाही. मान हलवून मी पुढे गेले. घरी येऊन रडले. तेव्हाच ठरवलं, हे सोडायचं नाही. सोडलं तर मी नुसती हजेरी घेणारी बाई होईन."

"सोडा असं मी म्हणत नाही," आरोही घाईनं म्हणाली. "तुम्ही लिहिता म्हणून तर मी इथे आले."

"मला वाटायचं, तुमच्याबरोबर टेबलाशी बसते, म्हणजे मी तुमच्यातलीच एक."

"आहातच. पण आमची सुटी तुम्हीच मंजूर करता ना, ताई."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "बरोबर. मी नुसता शब्द काढला की तो तुमच्याकडे पोचेपर्यंत हुकूम होतो. माझ्या लक्षातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून त्यांनी झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली, आरोहीचा शेरा सोडून. तो आरोहीनंच सांगितला. पीयूषचे कान लाल झाले.

"थांब्यांचं काम आता आरोहीचं," ताई म्हणाल्या. "मी त्याला हात लावणार नाही. आणि ज्याच्यापायी तुम्हा सगळ्यांचं काम अडेल असं कुठलंच मोठं काम मी घेणार नाही. जुन्या तक्रारी पडल्यात, त्या मी निस्तरते. आणि पीयूष, तुझं अर्धं आता अर्धंच राहील."

"मर गए," पीयूष पुटपुटला.

आरोही काही दिवस सकाळी गणपतरावांच्या बसमधूनच फिरली. कुठला थांबा रस्त्याच्या कुठल्या अंगाला, कुठे नाला, कुठे रुळांचं फाटक, हे तिनं पाहून घेतलं. अंतर आता पायी चालण्याच्या वाटेनं मोजायचं ठरलं. रस्ता ओलांडावा लागत असेल तर थांबे जोडायचेच नाहीत. तिचा कोड ताईंच्या कोडसारखा वाहता नव्हता, जागोजाग अडखळायचा. ताईंनी तपासताना त्यात बदल केले नाहीत. नुसते प्रश्न विचारले. "इथे असं का?" "हे दोनदा का मोजलंस?" काही प्रश्नांना आरोहीकडे उत्तर होतं, काहींना नव्हतं. नव्हतं तिथे तिनं स्वतः बदललं.

सगळं एकदम सुतासारखं सरळ झालं असंही नाही. एका दुपारी सगळे जेवायला उठले असताना पीयूष पाण्याची बाटली घ्यायला परत आला, तर ताई आरोहीचा कोड उघडून त्यात काहीतरी लिहीत होत्या.

"ताई!"

ताई दचकल्या. "अरे, एवढंच जरा... फार खुपत होतं रे डोळ्यांना."

"मिटाओ."

त्यांनी मुकाट्यानं पुसलं, आणि आरोही आल्यावर स्वतःच सांगून टाकलं.

नवे थांबे चालू होण्याच्या आदल्या आठवड्यात ताईंनी ड्रायव्हरच्या फोनवरच्या पडद्यातली एक जुनी चूक दुरुस्त केली आणि तपासायला आरोहीकडे पाठवली. आरोहीनं दोनदा वाचलं. फोनचं नेटवर्क मध्येच गेलं तर आधीचीच यादी दिसत राहील, असं तिला वाटलं. पुन्हा वाचलं. तसंच वाटलं. तिची बोटं जरा वेळ हवेत राहिली. मग तिनं लिहिलं, "नेटवर्क गेलं तर हे चालणार नाही. मंजूर करत नाही." खाली आणखी एक शेरा टाकला, कोडमधल्या एका नावाबद्दल.

खिडकीशी टाइप करण्याचा आवाज थांबला. आरोहीनं मान वर केली नाही.

"हे नेटवर्कचं कुठे दिसलं तुला?" ताईंचा आवाज जरा कोरडा होता.

आरोही उठून त्यांच्याजवळ गेली आणि तिनं ओळ दाखवली. ताई वाद घालू लागल्या. आरोहीनंही घातला. शेवटी तिनं आपला फोन काढला, नेट बंद केलं आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. जुनी यादी तशीच होती.

"हं," ताई म्हणाल्या. थोडा वेळ गाल फुगवून बसल्या. मग, "पण नावाचं तुझं चूक आहे. ते नाव मी बदलणार नाही."

"नका बदलू," आरोही म्हणाली. तिच्याही लक्षात आलं होतं, नाव ठीकच होतं.

नवे थांबे चालू झाले त्या सोमवारी दोघी लेबडच्या पुढे शाळेपाशी उभ्या होत्या. बस वळसा घेऊन आली, बायका चढल्या. उर्वशीनं त्यांना ओळखलं. खिडकीतून वाकून म्हणाली, "अब ठीक है. पर मैडम, वो सुबह-सुबह फ़ोन में जो घंटी बजती है, पूरा घर जाग जाता है. उसका कुछ करो!"

"करते हैं!" आरोही ओरडली. बस गेली.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. गणपतराव. त्यांना आता अमझेऱ्याकडची गावंही या ॲपवर घ्यायची होती, आणि नेहमीप्रमाणे लगेच. ताईंनी फोनवर हात ठेवून आरोहीकडे पाहिलं. "किती दिवस लागतील?"

आरोहीनं विचार केला. "तीन आठवडे. तिकडचे रस्ते आधी पाहावे लागतील."

ताईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्यांच्या मते दोन पुरले असते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि फोन कानाला लावला. "गणपतभिया, आरोही तीन आठवडे म्हणतेय. नाही, तिचं काम आहे, तिनं सांगितलं तेच."

गाडीकडे चालताना त्या म्हणाल्या, "आणि त्यात माझ्याजोगं काही असेल तर सांग हो. छोटं असलं तरी चालेल."

"घंटीचं घ्या," आरोही म्हणाली. "बायका खोळंबल्यात."

"आजच घेते," ताई म्हणाल्या आणि गाडी चालू व्हायच्या आधीच, काय करता येईल ते सांगायला लागल्या.